आई बाथरूमला गेली तरी रडते, मग शाळेत कशी राहील?

वाचकांचे प्रश्न

या वेळी लहान मुलांच्या शाळेबद्दलच इतके प्रश्न आलेत की बाकीचे विषय पुढच्या अंकात घेऊ.

प्रश्न : ताई, माझी मुलगी २ वर्षं ८ महिन्यांची आहे. मी घरूनच थोडंफार काम करते त्यामुळे ती जन्मापासून माझ्याजवळच आहे. ती मला एक मिनिट सोडत नाही. बाथरूमचं दार लावलं की बाहेर उभी राहून दार बडवते, कोणी पाहुणे आले की माझ्या पायांमागे लपते, बाबाकडे राहते पण तासाभराने "आई कुठे, आई कुठे" सुरू होतं. माझ्या जावेची मुलगी हिच्यापेक्षा लहान आहे, ती टाटा करून हसत प्लेग्रुपला जाते. आता घरात सगळे म्हणतायत की हिलाही घाल, सवय होईल, तूच तिला चिकटवून घेतलंयस. सासूबाई तेवढ्या म्हणतात की इतक्या लहान लेकराला कशाला पाठवायचं. ती तयार आहे हे ओळखायचं कसं? आणि मी थांबले तर ती मागे पडेल का?

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते कारण तो सोपा आहे. नाही, मागे पडणार नाही. या वयात जे शिकायचं असतं म्हणजे बोलणं, चढणं-उतरणं, हट्ट करणं आणि हट्ट फसल्यावर परत शांत होणं, ते घरीही भरपूर शिकता येतं, फक्त तिच्याशी बोलणारं माणूस हवं आणि अधूनमधून दुसरी मुलं दिसायला हवीत. सहा महिने थांबलात म्हणून काहीही बुडत नाही. त्यामुळे घाईचा मुद्दा आपण इथेच सोडून देऊ.

आता ते "तूच चिकटवून घेतलंयस". हे वाक्य आयांना फार ऐकवलं जातं आणि ते जवळजवळ नेहमीच चुकीचं असतं. आई दिसेनाशी झाली की घाबरणं हे साधारण ८ महिन्यांच्या आसपास सुरू होतं, वर्ष ते दीड वर्षाच्या दरम्यान जोरात असतं आणि मग तिसऱ्या वर्षापर्यंत हळूहळू ओसरतं, कोणाचं लवकर, कोणाचं उशिरा. आई समोर नसली तरी ती कुठेतरी आहे एवढं बाळाला कळायला लागलेलं असतं, पण "थोड्या वेळाने येते" म्हणजे किती वेळाने हे कळायला अजून खूप अवकाश असतो, म्हणून ती भीती. लाड केल्याने ती येत नाही आणि लाड बंद केल्याने जात नाही.

शिवाय स्वभाव म्हणून काही असतो की नाही? अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञ नवराबायकोने १९५६ पासून न्यूयॉर्कमधली शंभरावर मुलं तान्हेपणापासून मोठी होईपर्यंत बघितली, त्यात साधारण ४० टक्के मुलं अशी होती की कुठेही नेलं तरी रमायची आणि साधारण १५ टक्के अशी की नवीन जागा, नवीन माणूस दिसलं की आधी मागे सरायची, बघत राहायची, आणि मग आपल्या वेळेने पुढे यायची. जाऊबाईंची मुलगी बहुतेक पहिल्या गटातली, तुमची बहुतेक दुसऱ्या. यात कोणाच्या संगोपनाचं कौतुक नाही की कोणाचा दोष नाही. फक्त एवढंच की त्या मुलीला जी पद्धत चालली ती तुमच्या मुलीला चालेलच असं नाही, तुलना करायची तर तिची तिच्याशीच, सहा महिन्यांपूर्वीच्या तिच्याशी.

आता मुख्य मुद्दा. सगळे जण एकच गोष्ट बघतात, आई निघाली की मूल रडतं का. माझ्या मते ही सगळ्यात कमी उपयोगाची गोष्ट आहे. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी १९६० आणि १९७० च्या दशकांत वर्षभराच्या मुलांवर केलेले प्रयोग फार गाजले. त्यात एका खोलीत खेळणी, आई आणि बाळ, मध्येच एक अनोळखी बाई येते, आई थोडा वेळ बाहेर जाते आणि परत येते. एन्सवर्थ यांना जास्त काही सांगून गेलं ते आई गेल्यावरचं रडणं नव्हे, आई परत आल्यावरचं वागणं. जी मुलं आईकडे धावली, कुशीत शिरली, शांत झाली आणि परत खेळायला लागली, ती आईवर भरवसा असलेली मुलं, आणि त्यातली बरीच मुलं आई गेल्यावर चांगली भोकाड पसरून रडली होती. म्हणजे रडणारं मूल कच्चं आणि न रडणारं पक्कं असा हिशोब नसतो.

म्हणून तुम्ही बघा ते रडल्यानंतरचं. तुम्ही बाहेर गेलात, ती रडली, मग पुढे काय झालं? कोणी उचलून घेतलं, खिडकीतून काही दाखवलं, तर ती त्या माणसाकडून समजूत काढून घेते का? अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेची मुलांच्या वाढीच्या टप्प्यांची एक यादी आहे, २०२२ मध्ये ती सुधारली, त्यात तीन वर्षं पूर्ण झालेल्या मुलांच्या टप्प्यात हे आहे की पालक सोडून गेल्यावर मूल १० मिनिटांत शांत होतं. त्या वयाच्या चारपैकी निदान तीन मुलांना जमतं तेच त्या यादीत घेतलंय. मूल रडणारच हे त्यांनी धरलेलंच आहे, आणि तुमची मुलगी तर अजून तीनची झालेलीही नाही.

आणि तुमच्या पत्रातलं एक वाक्य तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय, मी ते वाचून खूश झाले. "बाबाकडे राहते पण तासाभराने आई कुठे सुरू होतं." अहो तासभर राहते! विचारते, म्हणजे तिला आठवण येते आणि ती शब्दात सांगता येते. आता असं करा की बाबाऐवजी घरात रोज न राहणारं पण तिच्या ओळखीचं कोणी, आजी असेल, मावशी, आत्या, शेजारच्या काकू, त्यांच्याकडे तिला थोडा थोडा वेळ ठेवून खरंच बाहेर जा. दुसऱ्या खोलीत दार लावून बसलात तर ते मोजायचं नाही, तिला कळतं तुम्ही आत आहात. आधी अर्धा तास, मग तास, मग दोन तास. दोन तास ती अशा माणसाकडे मध्ये थोडी मुसमुसून का होईना पण खेळत राहिली तर समजा की बरंच काम झालं.

दुसरी गोष्ट, जी मला रडण्यापेक्षा कितीतरी महत्त्वाची वाटते, ती म्हणजे तिला स्वतःची गरज परक्या माणसाला सांगता येते का. पाणी, शू, दुखतंय, नको, उचल. वाक्यं नकोत, एखादा शब्द, बोट दाखवणं, हात धरून ओढून नेणं, काहीही चालेल. घरी आपण चेहरा बघून ओळखतो त्यामुळे मुलांना सांगावंच लागत नाही, आणि वर्गात दहा-बारा मुलांत कोणी चेहरा बघत बसणार नाही. यासाठी घरी मुद्दाम थोडं वेंधळं व्हा, तिने मागितल्याशिवाय ग्लास पुढे करू नका.

दुसऱ्या मुलांबरोबर खेळतच नाही म्हणून काळजी करू नका, या वयात मुलं एकमेकांबरोबर कमी आणि एकमेकांशेजारी बसून आपापलं जास्त खेळतात. ती त्यांच्याकडे बघत असली, त्यांचं बघून काही करून बघत असली तरी पुरे. रंग, आकडे, कविता पाठ आहेत का हे तर विसरूनच जा, त्याचा इथे काडीचा संबंध नाही. डायपरचं म्हणाल तर तो त्या त्या शाळेचा नियम असतो, मुलाच्या मनाची तयारी त्यावरून कळत नाही, आणि फक्त ॲडमिशनसाठी घाईघाईत डायपर सोडवायला गेलात तर एकाच वेळी दोन लढाया होतात. झोपेची वेळ मात्र नक्की बघा. तिची दुपारची झोप आणि शाळेची वेळ एकमेकांवर येत असेल तर आपण म्हणतो रमत नाही आणि ती बिचारी नुसती झोपेला आलेली असते.

आता उरलेला अर्धा प्रश्न, जो कोणी विचारत नाही. मुलगी शाळेसाठी तयार आहे का हे सगळे बघतात, शाळा या मुलीसाठी तयार आहे का ते कोण बघणार? तुम्ही शाळा बघायला जाल तेव्हा भिंतीवरची चित्रं आणि खेळणी बघू नका, हे विचारा की पहिले काही दिवस आईला किंवा बाबाला वर्गात बसू देता का. मूल रडलं तर नेमकं कोण उचलतं. रोज तीच टीचर असते का. किती वेळ रडलं तर तुम्ही घरी फोन करता. एका मोठ्या माणसामागे किती मुलं. उत्तरं देताना समोरची व्यक्ती वैतागते का तेही बघा, त्यातून बरंच कळतं.

जर्मनीत १९८० च्या दशकात बर्लिनमध्ये एक पद्धत तयार झाली, आता तिथे ती खूप वापरली जाते. पहिले तीन दिवस आई किंवा बाबा मुलाबरोबर वर्गात बसतात, फक्त बसतात, खेळ खेळवत नाहीत, आणि वेगळं करायचा प्रयत्नच करत नाहीत. चौथ्या दिवशी पहिल्यांदा निरोप घेऊन थोडा वेळ बाहेर, जास्तीत जास्त अर्धा तास. टीचरला मुलाची समजूत काढता आली तर हा वेळ हळूहळू वाढवायचा, नाही आली तर आई लगेच आत आणि सोबत बसायचे दिवस वाढवायचे. यातली खरी गंमत अशी की मूल शाळेला रुळतंय असं आपल्याला वाटतं पण ते मुळात एका माणसाला रुळत असतं, ती एक टीचर त्याची झाली की मग भिंती, बेंच, बाकीची मुलं सगळं आपोआप होतं.

जर्मनीतच १५ महिन्यांच्या मुलांवर झालेल्या आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुलांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, मोजलं होतं. आई सोबत बसायची त्या दिवसांत आईवर भरवसा असलेल्या मुलांमध्ये ते कमी होतं, आणि आई जायला लागल्यावर पहिल्या तासात घरच्यापेक्षा पावणेदोन ते दोन पट झालं. ती मुलं तुमच्या मुलीपेक्षा बरीच लहान होती हे खरं, पण सोबत बसण्याने फरक पडतो का या शंकेला त्यात उत्तर आहे. "गेटच्या आत पालक नाही, रडून रडून होतात गप्प" असं म्हणणारी शाळा एखाद्या बिनधास्त मुलाला चालेलही, तुमच्या मुलीसाठी मी ती घेणार नाही, मग ती कितीही नावाजलेली असो.

तर तुमच्यापुरतं सांगायचं तर मला ती जवळपास तयार वाटते, पण आजच नाही. दोनेक महिने वर सांगितलेला सराव करा, मग रोज थोडाच वेळ अशी सुरुवात करा. एक दिवसाआड जास्त वेळ ठेवण्यापेक्षा रोज थोडा वेळ मला बरा वाटतो, कारण मध्ये खंड पडला की अशा मुलांना दर वेळी पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. आणि घर बदलणं, दुसरं बाळ, दूध सोडवणं, मोठं आजारपण यातलं काही चालू असेल तर ते निवळू द्या. सासूबाई आणि बाकीचे, दोघंही अर्धे बरोबर आहेत असं घरी सांगून टाका, भांडण मिटेल.

प्रश्न : माझा मुलगा ३ वर्षांचा आहे, शाळेत मीच सोडतो. तो खेळण्यांकडे वळला की मी हळूच सटकतो, कारण बाय म्हटलं की तो पायाला मिठी मारतो. बायको म्हणते हे चूक आहे. पण शाळेतल्या मावशीही म्हणतात की गुपचूप जा. आता तो घरीही माझ्या मागे मागे फिरतो, आधी असं नव्हतं. काय करू?

उत्तर : बायको बरोबर आहे, आणि तुम्हीच शेवटच्या वाक्यात कारण लिहिलंय. तो खेळता खेळता मान वर करतो आणि बाबा नाही. दोन-चार वेळा असं झालं की त्याला कळून चुकतं की खेळात लक्ष गेलं की माणूस गायब होतो, मग तो खेळणंच सोडतो आणि तुमच्यावर पहारा ठेवतो, शाळेतही आणि घरीही. गुपचूप गेल्याने तुमचं आणि मावशींचं रडणं ऐकणं वाचतं, त्याचं रडणं वाचत नाही.

निरोप छोटा आणि रोज एकसारखा ठेवा. मिठी, एक पापा, टाळी, जे तुमचं ठरेल ते, मग कधी येणार ते सांगायचं. बारा वाजता येतो म्हणू नका, त्याला घड्याळ कळत नाही, "खाऊ खाऊन होईल, मग गोष्ट होईल, मग बाबा" असं सांगा, आधी टीचरना विचारून घ्या की त्यांच्याकडे शेवटी नक्की काय असतं. मग टीचरच्या हातात द्या, म्हणजे अक्षरशः हातात, जमिनीवर सोडून नाही, आणि निघा. निघालात की परत वळायचं नाही, "बरं अजून एक पापा" करत तीनदा मागे आलात तर त्याला वाटतं की अजून जोरात रडलं तर बाबा राहीलही. आणि घ्यायला वेळेवर जा, पाच मिनिटं आधीच जा, तुमच्या शब्दावर भरवसा ठेवायचा की नाही हे तो तिथेच ठरवत असतो.

घरची एखादी वस्तू बरोबर द्या, छोटं फडकं, जुनी बाहुली, तुमचा रुमाल. डोनाल्ड विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषकांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवलंय की मुलांची अशी एखादी लाडकी मळकी वस्तू आईपासून वेगळं होण्याच्या वाटेवर त्यांना आधार देते. शाळेला चालत नसेल तर दप्तरात तळाशी ठेवा, आहे एवढं माहीत असलं तरी काम होतं.

अजून एक, शाळेतून आल्यावर तो चिडचिड करत असेल, फालतू कारणावरून लोळण घेत असेल तर शाळा वाईट आहे असा निष्कर्ष लगेच काढू नका. तिथे दोन-तीन तास धरून ठेवलेलं सगळं तो तुमच्यासमोर सोडतोय. त्या वेळी "आज काय शिकलास" विचारू नका हो.

प्रश्न : नातू साडेतीनचा आहे. सून नोकरीला जाते म्हणून मी सोडायला जाते. मला त्याचं रडणं बघवत नाही, मी खिडकीशी थांबते, पण त्याने मला बघितलं की शांत झालेला परत रडतो. थांबू की नको?

उत्तर : आजी, खिडकी सोडा. गेटपासून लांब जाऊन बसा, आणि टीचरना विनंती करा की १५ मिनिटांनी एक मेसेज किंवा फोन करा. फोनवर "आता खेळतोय" ऐकलंत की घरी जा.

प्रश्न : माझी मुलगी तीनची आहे, शाळा सुरू होऊन दीड महिना झाला. आधी खूप रडायची, आता रडत नाही. टीचर म्हणतात रुळली. पण ती तिथे कोपऱ्यात बसून असते, डबा तसाच परत येतो, घरी परत अंथरूण ओलं करायला लागली, रात्री दचकून उठते. सर्दी-खोकला तर चालूच. माझ्या मनाला पटत नाही की ती रुळली आहे.

उत्तर : मलाही पटत नाही. आधी सर्दी-खोकल्याचं सांगून टाकते, शाळेच्या पहिल्या वर्षात मुलं सारखी आजारी पडतात, लहान मुलांना वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी होणं हे तसंही नेहमीचंच आहे, ते वेगळं ठेवा.

बाकीचं मात्र गंभीरपणे घ्या. १९५० च्या आसपास इंग्लंडमध्ये जेम्स रॉबर्टसन या मनोविश्लेषकांनी हॉस्पिटलमध्ये आईवडिलांशिवाय ठेवलेली लहान मुलं बघितली, तेव्हा तिथे पालकांना भेटायला जेमतेम येऊ द्यायचे. मुलं आधी आकांत करायची, मग एकदम मुकी व्हायची, आणि नर्सेसना वाटायचं चला, रुळलं. रॉबर्टसन यांचं म्हणणं होतं की ती रुळली नाहीत, त्यांनी आशा सोडलीय. शाळेचे दोन-तीन तास आणि हॉस्पिटलचे दिवसच्या दिवस याची बरोबरी करता येणार नाही, तेवढं घाबरूही नका, पण रडणं थांबलं म्हणजे सगळं ठीक हा हिशोब तेव्हाही चुकला होता.

रुळलेल्या मुलाची खूण काय तर ते तिथे खातं, काहीतरी हातात घेऊन खेळतं, निदान एका मोठ्या माणसाजवळ जातं आणि घरी येऊन शाळेतल्या कोणाचं तरी नाव घेतं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत अंथरूण ओलं होणं, झोप बिघडणं, जास्त चिकटणं हे चालतं, पण दीड महिन्यानंतर खाणं आणि झोप दोन्ही बिघडलेलीच असतील तर ती आपल्याला सांगतेय की मला जमत नाहीये.

आणि हे शाळेपुरतं नसेल तर, म्हणजे ती घरीही नावाने हाक मारल्यावर बघत नसेल, फारसं बोलत नसेल, बोट दाखवून काही मागत नसेल किंवा आधी येत असलेले शब्द गेले असतील, तर शाळेचा विषय बाजूला ठेवून आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा, थांबून बघू असं करू नका.

तसं काही नसेल तर टीचरना एकच प्रश्न विचारा, तिला काही लागलं, काही हवं असलं तर ती कोणाकडे जाते? नाव आलं तर त्या टीचरबरोबर बसून वेळ कमी करा, अर्धा करा, आठवडाभर तुम्ही आत बसता येतं का बघा, आणि मग हळूहळू वाढवा. उत्तर "कोणाकडेच नाही" असं आलं आणि शाळा तुम्हाला आत बसूही देत नसेल तर तिला काढा. फी गेली म्हणून चालू ठेवू नका, लोक काय म्हणतील म्हणून तर मुळीच नाही. तीन-चार महिन्यांनी दुसऱ्या जागी, तुम्ही सोबत बसून, परत सुरुवात करता येते, आणि तेव्हा ती साडेतीनच्या जवळ आलेली असेल.